कार्डावरची तिसरी ओळ

फेब्रुवारी लागला की जपानमधल्या आमच्या फुनाबोरीच्या घरी तपकिरी लिफाफे घेऊन माणसं येऊ लागतात. बहुतेक पुण्या-मुंबईकडची, आयटीतली नाहीतर बँकेतली, आणि सगळ्यांचं मूल एप्रिलमध्ये जपानी सरकारी शाळेत पहिलीला जाणार असतं. शाळेने पालकांना बोलावून दीड तास माहिती दिलेली असते. त्यातली यांना दहा मिनिटांची कळलेली असते. मग कोणीतरी माझा नंबर देतं. मी चहा टाकते, लिफाफा जेवणाच्या टेबलावर उलटा करते आणि कागदांचे तीन गठ्ठे लावते: विकत आणायच्या वस्तू, शिवायच्या वस्तू, भरायचे फॉर्म. पहिले दोन गठ्ठे घाबरवणारे दिसतात पण सोपे असतात. तिसऱ्यात एक पिवळं कार्ड असतं. ते मी सगळ्यात शेवटी काढते.

गणिताची एक पेटी असते. तिच्यात मोजायच्या काड्या, रंगीत चकत्या, फासे, लहानसं घड्याळ. प्रत्येक काडीवर, प्रत्येक चकतीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. नखाएवढ्या चकतीवर आपली लांबलचक नावं मावत नाहीत. मी आयांना सांगते, रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, मार्चमध्ये वेळ मिळणार नाही. मग येतात दोन फडकी, जुन्या टॉवेलची, दुहेरी शिवलेली, कारण वर्ग मुलंच पुसतात. एका बँकेतल्या बाबांनी मला विचारलं होतं, "म्हणजे माझी मुलगी फरशी पुसणार?" मी म्हटलं, "हो, आणि तुमच्यापेक्षा बरी पुसेल." ते चहा न पिता बसले. मग भूकंपात डोक्यावर ओढायची जाड गादीसारखी टोपी, जी एरवी खुर्चीला अडकवलेली असते. आणि शेवटी सगळ्यांना हमखास न पटणारी गोष्ट: मूल शाळेत चालत जातं, आणि तुम्ही सोडायला जायचं नसतं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे याचं कारण मी यातलं बहुतेक सगळं चुकवलेलं आहे. फडकी मी नवीन कोऱ्या टॉवेलची शिवली होती, वर कोपऱ्यात फूल भरलं होतं. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलीला जुनं काही द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती फडकी पाणीच शोषायची नाहीत. मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की तिचं फडकं फक्त पाणी इकडून तिकडे ढकलतं.

त्यात माझी अडचण आणखी वेगळी होती. मी नदीपलीकडे, कोतोमधल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात काम करते. प्रवेशाचे अर्ज तपासणं हेच माझं काम. स्वतःची मुलगी मात्र घराजवळच्या जपानी शाळेत घातली. हलवायाने घरी दुसऱ्याची मिठाई आणावी तसा हा प्रकार होता, आणि लोकांनी बोलून दाखवायचं बाकी ठेवलं नाही. "पोरीचं इंग्रजी जाईल." "परत गेल्यावर काय करणार?" मराठीचं काय होईल असं विचारणारे त्या मानाने कमी. आम्ही काही मोठा विचार वगैरे केला नव्हता. ती पाळणाघरात जपानी मुलांबरोबर वाढली, तिच्या मैत्रिणी त्या शाळेत जाणार होत्या, तिला तिथेच जायचं होतं. आणि नवऱ्याचं कंत्राट पुन्हा वाढलं होतं. पालकसभेत मी हात वर करून विचारलं होतं की घरी आता जपानी बोलायला लागू का. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "जपानी आमच्यावर सोडा. घरी तुमची भाषा बोला, पण पूर्ण वाक्यांत बोला." हे मी आजही लिफाफेवाल्यांना सांगते. पूर्ण वाक्यांत बोलायचं म्हटल्यावर आपल्या लोकांची पंचाईत होते.

तर ते पिवळं कार्ड. मोठा भूकंप झाला तर शाळा मुलांना एकटं घरी सोडत नाही. कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कोणीतरी स्वतः येऊन मुलाला ताब्यात घ्यायचं. तीन ओळी असतात. नाव, नातं, फोन, आणि शेवटच्या रकान्यात शाळेपर्यंत चालत यायला लागणारी मिनिटं. गाड्या बंद असणार हे धरूनच चालायचं.

आमच्या मुलीचं कार्ड भरायला बसलो तेव्हा २०११ च्या मार्चमधल्या भूकंपाला सहा वर्षं होऊन गेली होती. नवरा इंजिनियर आहे, खोटं लिहिणं त्याला जमत नाही. पहिल्या ओळीत त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि मिनिटं लिहिली दोनशे दहा. अंदाज नव्हता तो. त्या मार्चमध्ये तो ऑफिसातून चालत घरी आला होता तेव्हा साडेतीन तास लागले होते. दुसऱ्या ओळीत मी: पन्नास मिनिटं, पूल चालू असेल तर. तिसऱ्या ओळीपाशी आम्ही थांबलो. फॉर्ममधली ओळ कोरी सोडायची नाही ही आमच्या दोघांच्या घरची शिकवण. आणि नात्याच्या रकान्यात नातंच लिहायचं असतं असं आम्ही दोघांनीही न बोलता धरलं. तेव्हा तिथे माझ्या सासऱ्यांचं नाव लिहिलं, पुण्याचा फोन लिहिला, नातं आजोबा. मिनिटं किती, तर नवऱ्याने हिशेब करून लिहिलं सहाशे. "मुंबईहून विमान धरून," तो म्हणाला. "पुणे-मुंबई वेगळं."

त्या रविवारी सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते फार खूश झाले. "नक्की येईन," म्हणाले. "विमानतळापासून शाळा किती लांब आहे ते तेवढं कळवून ठेवा." आम्ही हसलो आणि कार्ड शाळेत देऊन टाकलं.

शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरात वर्गशिक्षिकांनी मला बोलावलं. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. कार्ड दोन्ही हातांत धरून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि न हसता विचारलं, "आजोबा सध्या जपानमध्ये आहेत का?"

"नाही."

"मग हे सहाशे..."

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जशी काही ही माहिती उपयोगी आहे. मग म्हणाल्या की तुम्ही दोघंही दिवसभर नदीपलीकडे असता. पूल बंद झाला तर? मी विचारलं, तोपर्यंत शाळा सांभाळणार नाही का? त्या म्हणाल्या, "शाळा सांभाळेलच. कितीही वेळ. पण बाकीच्या मुलांना एकेक करून कोणीतरी न्यायला येत राहील, आणि तुमची मुलगी दाराकडे बघत बसेल."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या. कार्ड परत घेऊन मी घरी आले आणि ते फ्रिजवर लोहचुंबकाने लावलं. शुक्रवारपर्यंत तिसरी ओळ बदलून द्यायची होती. पूल न ओलांडता, पायी येऊ शकेल असं माणूस हवं होतं.

मी ओळखीच्यांची यादी केली. आमच्या गणपतीला साठ-सत्तर माणसं जमतात, पण या यादीचं पान काही भरेना. कोणी नदीपलीकडे कामाला. कोणी जूनमध्ये परत चाललेलं. एकीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं लिही की माझं नाव, पण आमचा व्हिसा सप्टेंबरपर्यंतच आहे." आमच्यातली माणसं अशी दोन-दोन वर्षांची असतात. त्यात कोणाचा दोष नाही, आम्हीही तसेच आलो होतो.

बुधवारी जेवताना नवरा म्हणाला, "खालच्या आजींना विचारू."

"नको."

"का नको? घरीच असतात. शाळा जवळ आहे."

"का नको ते तुला माहीत आहे," मी म्हटलं. त्याला माहीत होतं. तो वरण वाढून घेऊ लागला.

आमच्या इमारतीत आम्ही पाचव्या मजल्यावर आणि त्या आजी तिसऱ्यावर, एकट्या. २०११ पर्यंत आमचा त्यांचा संबंध लिफ्टमध्ये मान झुकवण्यापुरता होता. कचरा चुकीच्या दिवशी ठेवला की त्या तो परत आमच्या दाराशी आणून ठेवायच्या, न बोलता. मला त्यांचा रागच यायचा. भूकंप झाला तेव्हा मी घरी होते, मुलगी अकरा महिन्यांची. कपाटं चालू लागली तशी मी तिला घेऊन टेबलाखाली बसले आणि हलणं थांबल्यावरही तिथून निघेना. कुठे जायचं तेच कळत नव्हतं. तेवढ्यात दारावर थापा. खालच्या आजी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, दोन मजले जिने चढून आलेल्या. त्यांनी माझ्या हातातून मुलीला घेतलं, तिच्या डोक्याला आपली जाड टोपी गुंडाळली, आणि मला बोटाने जोडे दाखवले, घाल म्हणून. आम्ही समोरच्या बागेत बसलो. धक्के येत होते, झोपाळे आपले आपण हलत होते. मला तेव्हा धड जपानी येत नव्हतं आणि त्यांनीही काही बोलायचा प्रयत्न केला नाही. नवरा चालत येऊन पोचेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही पळालो. दुसरा शब्द नाही त्याला. पुण्याहून दिवसातून दहा फोन येत होते, टीव्हीवर भूकंपात फुटलेल्या अणुभट्टीची चित्रं, आणि तिकिटं मिळाली तशी आम्ही पहाटे बॅगा घेऊन निघालो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवली नाही. थांबवून काय सांगणार होतो? तुम्ही राहा, आम्ही जातो?

दोन महिन्यांनी परत आलो तर आमच्या दाराबाहेर, भिंतीला लावून, पाण्याच्या सहा बाटल्या उभ्या होत्या. दोन-दोन लिटरच्या. वर धूळ बसलेली. एका बाटलीला कागद चिकटवला होता, मोठ्या सोप्या अक्षरांत, परदेशी माणसालाही वाचता यावा असा: बाळासाठी. आम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत किरणोत्सर्गामुळे नळाचं पाणी तान्ह्या मुलांना देऊ नका अशी सूचना निघाली होती आणि दुकानांतलं पाणी संपलं होतं. ते मी पुण्यात बसून बातम्यांत वाचलं होतं. त्या दिवसांत त्यांनी रांगेत उभं राहून कुठून तरी सहा बाटल्या मिळवल्या आणि पाचव्या मजल्यावर आणून ठेवल्या, आणि आत बाळ नव्हतंच.

मी बाटल्या आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी बाकरवडीचा पुडा घेऊन खाली गेले आणि सुट्टीवरून आल्यासारखी हसून तो दिला. त्या म्हणाल्या, "आलात का परत." एवढंच. बाटल्यांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. सहा वर्षं. लिफ्टमध्ये भेटल्या की मी हवेबद्दल बोलायचे. आता त्याच बाईच्या दाराशी जाऊन म्हणायचं, पुन्हा भूकंप झाला तर तुम्ही या. मला स्वतःची शरम वाटत होती, साधी, सरळ शरम. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला ते रास्त वाटलं असतं. पण मग शुक्रवारी कार्डावर लिहायला दुसरं नावच नव्हतं.

गुरुवारी कामावरून आल्यावर मी मुलीला घेऊन खाली गेले. मिठाईचा खोका, रेशमी कागदात बांधून, रीतसर. मुलीला नेलं ते दुभाषी म्हणून, कारण तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर कोणी सहज नाही म्हणणार नाही म्हणूनही. आजींनी आम्हाला आत बसवलं. मी मुलीला मराठीत म्हटलं, "त्यांना सांग, भूकंपानंतर आम्ही त्यांना न सांगता निघून गेलो, त्याचं आम्हाला वाईट वाटतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आपण कधी गेलो होतो?" तिने जपानीत विचारलं. तिला हे माहीतच नव्हतं. आम्ही तिला बागेची गोष्ट पुष्कळदा सांगितली होती, हेल्मेटची, टोपीची. पळाल्याची सांगितली नव्हती.

आजींना तिचा प्रश्न कळला, माझा चेहराही. मग मीच बोलले, माझ्या मोडक्या जपानीत, मध्ये मध्ये अडत. की आम्ही सांगायला हवं होतं. की बाटल्या मिळाल्या. की ज्यासाठी त्या ठेवल्या होत्या ते बाळ तेव्हा इथे नव्हतं.

"माहीत होतं," आजी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही बाटल्या तिथेच होत्या. तेव्हाच कळलं, गेलात."

"मग परत का नाही नेल्या? पाणी मिळत नव्हतं ना तेव्हा."

त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "परत आल्यावर लागलं असतं ना," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. मुलगी आळीपाळीने आमच्या दोघींकडे बघत होती. आजींनी चहा ओतला आणि विचारलं, काम काय होतं. मी पिवळं कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, सासऱ्यांच्या ओळीवर थोडं जास्तच थांबल्या, सहाशेवर बोट ठेवून "लांब आहे" म्हणाल्या, आणि पेन मागितलं. मग लिहिता लिहिता थांबल्या. किती मिनिटं लागतील ते चालून बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. कार्ड ठेवून जा, उद्या देते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या टपालपेटीत होतं. नात्याच्या रकान्यात "शेजारी". मिनिटं बारा.

त्या शरद ऋतूत शाळेने मुलं ताब्यात द्यायचा सराव ठेवला. मी ऑफिसातून लवकर निघाले, पण वाऱ्यामुळे पुलाच्या अलीकडे गाडी थांबली. नवरा अजून शहराच्या मध्यात. मी फलाटावर उभी राहून समोरची नदी बघत होते आणि डोळ्यांसमोर वर्गाचं ते दार होतं. सराव आहे, काही होत नाही, असं स्वतःला सांगत होते. त्याने फारसा फरक पडत नव्हता. पाऊण तासाने धावतपळत शाळेत पोचले तर वर्ग रिकामा. शिक्षिकांनी यादीवर बोट ठेवलं: तिसरी ओळ, सगळ्यात आधी आल्या. आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. शाळेने कार्डावरच्या सगळ्यांना चिठ्ठी पाठवली होती, त्यावरून त्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली होती. सराव आहे म्हणजे सराव करायला हवा, असं त्यांचं म्हणणं. घरी आले तेव्हा मुलगी त्यांच्याकडे संत्री सोलत बसली होती. "तू उशिरा आलीस," ती मला मराठीत म्हणाली, पूर्ण वाक्यात.

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी बेल वाजली. आजी, जिन्याने आलेल्या, दम लागलेला. लिफ्ट बरी असतानाही त्या अधूनमधून जिनाच वापरायच्या, सवय राहावी म्हणून. आत यायला नाही म्हणाल्या. उत्तरेकडे बहीण आहे, तिच्याकडे राहायला जातेय, आता एकटीने जमत नाही. कधी जाताय, मी विचारलं. ऑगस्टमध्ये.

"अजून तीन महिने आहेत," मी म्हटलं.

"हो, म्हणून आत्ता सांगायला आले. कार्ड बदलावं लागेल."

मी दारात उभी राहिले. आम्ही गेलो तेव्हा त्यांना तीन मिनिटंही दिली नव्हती.

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. शाळेच्या फाटकाजवळच्या तांदळाच्या दुकानातली बाई, तिला विचारून ठेवलंय, ती हो म्हणालीये, पण तुम्हीही एकदा मुलीला घेऊन भेटून या, म्हणाल्या. एवढं सांगून त्या कठड्याला धरून खाली गेल्या.

एव्हाना मला जपानी बऱ्यापैकी वाचता येत होतं आणि त्यांना ते माहीत होतं. तरी कागदावर तीच मोठी सोपी अक्षरं होती, बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी. दुकानवालीचं नाव, फोन, आणि शेवटी मिनिटं. चार लिहिली होती, आणि मला खात्री आहे की ती त्यांनी चालून बघितली होती.